पत्रा उक्ता की रोजानं

कराडमधल्या बऱ्याच घरांत सर्वांत घातक पदार्थ डोक्यावर असतो आणि त्यावर दोडक्याचा वेल सोडलेला असतो. मागची पडवी, न्हाणीघर, संडास, विद्यानगरच्या बाजूला विद्यार्थ्यांसाठी चढवलेली वरची खोली, यांवरचा नागमोडी सिमेंटचा पत्रा म्हणजे सिमेंट आणि त्यात दहा टक्क्यांच्या आगेमागे ॲस्बेस्टॉस. हा खनिजाचा तंतू. पत्रा फुटला, घासला, कापला की तो डोळ्याला न दिसण्याइतका बारीक होऊन हवेत येतो, श्वासावाटे फुप्फुसात शिरतो आणि पेठेतल्या जुन्या भाडेकरूप्रमाणे पुन्हा निघायचे नाव घेत नाही. त्याने होणारा कर्करोग वर यायला वीस ते चाळीस वर्षे लागतात.

ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ मध्ये. भारतात १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने नाहीत. मात्र तंतू रशियासारख्या देशांतून येतो आणि पत्रा दुकानात राजरोस मिळतो. जो पदार्थ आपल्या जमिनीतून काढणे बरे नव्हे, तो दुसऱ्याच्या जमिनीतून आणून आपल्या न्हाणीघरावर घालायला हरकत नाही, असे हे धोरण आहे.

काढण्याआधी पत्रा काढायचाच का, हे ठरवावे. धड, न तडकलेला, रंग दिलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. त्याला भोक पाडू नये, मृगाच्या आधी त्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये आणि डिश बसवणाऱ्याला वर चढू देऊ नये. यातले शेवटचे कोणालाही साधलेले नाही.

काढायचेच ठरले तर माणूस शोधावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत दहा चौरस मीटरपेक्षा जास्त असा पत्रा उतरवायला परवानाधारक कंत्राटदार लागतो. कराडमध्ये या कामाला फॅब्रिकेशनवाला येतो, गवंडी येतो किंवा ओळखीचा कोणी ‘पोरं घेऊन’ येतो. फॅब्रिकेशनवाल्याला पत्र्याखाली नवी शेड दिसते, गवंड्याला स्लॅब दिसतो. ॲस्बेस्टॉस दोघांनाही दिसत नाही, आणि यात त्यांचा दोष नाही; तो दिसतच नाही. पाहणीचा विधी मात्र ठरलेला आहे. माणूस वर बघतो, बोटाने पत्रा वाजवतो आणि विचारतो, “कुणी बसवलाय हो ह्यो?” चौकशीअंती बसवणारा बहुधा त्याचाच चुलता निघतो. धोक्याचा विषय काढला की उत्तर येते, “मालक, पत्र्यानं कोण मेलंय का आजवर? पत्र्यावरनं पडून मेल्यात.”

या उत्तराचा दुसरा भाग खरा आहे आणि तो गांभीर्याने घ्यावा. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने सरळ आरपार फुटतो. पाय पत्र्यावर कधीही ठेवू नये. खालच्या अँगलांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरून चालावे. पहिल्या भागाचे उत्तर वर दिलेल्या चाळीस वर्षांत आहे. तेवढ्या अवधीत कराडचा माणूस चार मुकादम बदलतो आणि पाचवा म्हणतो, कोण मेलंय का आजवर?

आता सौदा. काम उक्ते द्यावे की रोजाने, हा कराडमधला मूळ प्रश्न आहे आणि सुरक्षिततेचा सगळा विचार यातच दडलेला आहे. उक्ते घेतलेला गडी दुपारच्या जेवणाआधी मोकळा होऊ पाहतो. तो हातोड्याने पत्रा फोडतो आणि तुकडे खाली टाकतो. रोजानेवाला काहीच फोडत नाही, कारण तो फारसे काहीच करत नाही. तिसरी तऱ्हा सर्वांत गुणकारी: मजुरी थोडी कमी ठरवून म्हणावे, “उतरलेले पत्रे तुमचे.” अखंड पत्र्याला गिऱ्हाईक असते, तुकड्याला नसते. हे शब्द ऐकताच तोच गडी एकेक हूक हळुवार सोडवतो, पत्रा दोघांच्या हातांवर घेतो, कोपरा टेकवताना पोरांना शिव्या घालतो. फोडू नका, फेकू नका, अखंड उतरवा, असे परदेशी नियम पानोपान सांगतात; ते सगळे ‘पत्रे तुमचे’ यात येते.

या तऱ्हेत एकच खोट आहे. पत्रा घरातून जातो, तालुक्यातून जात नाही. तो कोणाच्या तरी गोठ्यावर किंवा गुऱ्हाळाच्या शेडवर पुन्हा चढतो. ‘क्लेमांसो’ नावाची फ्रेंच युद्धनौका अलंगला तोडायला निघाली होती. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस आहे म्हणून एवढा गदारोळ झाला की फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती माघारी बोलावली. पत्र्यांची ट्रॉली कोल्हापूर नाक्यावरून जाते तेव्हा कोणीही राष्ट्राध्यक्ष मध्ये पडत नाही.

कामाच्या दिवशी पत्रा पाण्याने भिजवून घ्यावा. ओला पत्रा फारशी धूळ उडवत नाही. पाणी खालून नळीनेच मारावे, कारण ओल्या पत्र्यावर घसरायला होते. हूक गंजलेले असतात, त्यामुळे कोणीतरी ग्राइंडर काढतो. ग्राइंडर पत्र्याला लागला की भिजवण्याचे पुण्य वाया जाते. हूक कटरने तोडावा. तोंडाला बांधलेला टॉवेल हा तंतू अडवत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा, बारीक धूळ रोखणारा मास्क लागतो. तो आणून दिला तरी तंबाखूचा बार भरल्यावर हनुवटीखाली जातो, कारण थुंकायला वाट हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपायचा आदेश उद्योगांना दिला. पडवी उतरवणाऱ्या पोरांची एकमेव नोंद मालकाच्या मोबाइलमध्ये ‘पत्रेवाला २’ अशी असते.

काम संपताच घरातली बाई खराटा घेऊन अंगणात उतरते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिले आले, त्यामागे असे खराटे आहेत; पण या एका दिवशी खराटा खुंटीलाच असावा. कोरडे झाडले की बसलेली धूळ उठते. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

उरतात फुटके तुकडे, ज्यांना गिऱ्हाईक नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा वर्ग होता. त्यात रंगाचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे येत, पत्र्याचा तुकडा नावानिशी येत नसे. घातक कचरा रीतसर पुरण्याची सोय पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे, पण चार तुकड्यांसाठी दोनशेएक किलोमीटर टेम्पो कोणी करत नाही. म्हणून बोळातल्या खड्ड्यात मुरमाऐवजी ते तुकडे घालायची सूचना शेजारून येते. ती नाकारावी, कारण मग प्रत्येक दुचाकी ते थोडे थोडे दळत राहते. तुकडे भिजवून जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालावेत, तोंड टेपने बंद करावे, नेण्याची सोय होईतो पायदळी न येणाऱ्या जागी ठेवावेत आणि वर मोठ्या अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस, उघडू नये’ असे लिहावे. नुसते ‘उघडू नये’ लिहिल्यास दिवाळीच्या साफसफाईत ती पिशवी सर्वांत आधी उघडली जाते.