शेवटून दुसरा भाग

कोरियन मालिकेतल्या प्रेमिकांची ताटातूट शेवटून दुसऱ्या भागात होते. मालिका सोळा भागांची असेल तर पंधराव्यात, आठ भागांची असेल तर सातव्यात. तोवर सगळं कसं छान चाललेलं असतं. पाऊस दोघांना एका छत्रीत आणतो, बस नेमकी शेवटची असते आणि तीही चुकते, कुणाच्या तरी खांद्यावर कुणाचं तरी डोकं झोपेत कलंडतं. मग लहानपणी घडलेली एखादी वाईट गोष्ट वर येते, 'तुझ्या भल्यासाठीच' असं म्हणून नायक परदेशी निघून जातो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात : एक वर्षानंतर. हे वर्ष आपण चार मिनिटांत पार करतो. नायकाचा भांग बदललेला दिसला की समजायचं, दुःख भोगून झालं.

मला ही शिस्त फार आवडते. आमच्या मराठी मालिकांत ताटातूट एकदा झाली की ती मिटणार कधी, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. टीआरपी बरा असेल तर विरह दोन दिवाळ्या टिकतो. मधल्या काळात नायिका डोंगरावरून पडते, वाचते, स्मृती हरवून बसते, दुसऱ्याच नावाने त्याच घरात स्वयंपाकाला लागते आणि सासूला पोह्यांच्या चवीवरून संशय येतो. कोरियनांनीही हे करून पाहिलंय, नाही असं नाही. २००२ सालच्या 'विंटर सोनाटा'च्या नायकाला वीस भागांत दोनदा अपघात होतो. पहिल्यात स्मृती जाते, दुसऱ्यात ती परत येते आणि शेवटी शेवटी दृष्टी जाते. या मालिकेने जपानातल्या मध्यमवयीन बायकांना वेड लावलं. जिथे चित्रीकरण झालं त्या नामी बेटावर पर्यटकांची झुंबड उडाली. तेव्हा मध्यमवयीन बाई कोरियन मालिका बघते म्हणून घराघरांत जे गालातल्या गालात हसणं चालतं, त्याला वीस वर्षांची आंतरराष्ट्रीय परंपरा आहे, एवढं नमूद करते आणि पुढे जाते.

पुढे म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाकडे. मुलामुलांच्या प्रेमकथांचा हा प्रकार मूळचा जपानी. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा चित्रकथाकार बायकांनी तो मुलींच्या मासिकांतून रुजवला. पुढे थायलंडने त्याच्या मालिका काढायचा सपाटा लावला. कोरिया जरा उशिरा जागा झाला. २०२०च्या मे महिन्यात आलेली 'व्हेअर युवर आइज लिंगर' ही तिथली या प्रकारातली पहिली मालिका मानतात. आठ भाग, आणि एकेक भाग जेमतेम दहा-बारा मिनिटांचा. एवढ्या वेळात आमच्याकडे 'मागील भागात आपण पाहिलंत' संपतं. २०२२ मध्ये 'सिमँटिक एरर' इतकी चालली, की तिचे भाग जोडून ती चित्रपटगृहात लावली. तेव्हापासून या मालिकांचा पूर आला, आणि पुरात येतं तसं बरंच काही वाहूनही आलं.

त्यात मला भेटली ती 'दि एट्थ सेन्स'. २०२३च्या वसंतात आलेली, दहा भागांची. दिग्दर्शक दोघं : इनू बेक आणि वर्नर डू प्लेसी. (दुसरं आडनाव क्रिकेटवाल्यांना ओळखीचं वाटेल, पण इथे चेंडू नाही, लाटा आहेत.) जी-ह्यून हा गावाकडून सोलला शिकायला आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा. शहरात बुजलेला, संध्याकाळी एका खाणावळीत ताटं पोचवणारा. त्या खाणावळीची मालकीणबाई मला मालिकेतली सगळ्यात शहाणी व्यक्ती वाटते. तिला सगळं दिसतं आणि ती फार थोडं बोलते. हा योग मालिकांमध्ये सहसा जुळत नाही. दुसरा जे-वॉन. लष्करातली सक्तीची नोकरी आटोपून कॉलेजात परतलेला, श्रीमंत घरचा, देखणा, सर्फिंग क्लबातला, सगळ्यांना हवाहवासा. आणि आतून पार मोडलेला. त्याचा धाकटा भाऊ वारला आहे, आणि तो आपल्यामुळेच गेला असा निकाल जे-वॉनने स्वतःविरुद्ध देऊन टाकला आहे. अपिलाची सोय ठेवलेली नाही.

लिम जी-सब या नटाने हा जे-वॉन असा केलाय, की तो हसला की आपल्याला काळजी वाटते. ओ जुन-तेकचा जी-ह्यून उलट, तो गप्प बसला की आपल्याला हसू येतं. कॅमेरा कुणीतरी हातात धरून मागे मागे चालल्यासारखा हलतो, रस्त्यावरचे दिवे विरघळतात, चेहरे इतके जवळ येतात की पहिल्या भागात सारखा चष्मा पुसावासा वाटतो. नंतर सवय होते. विशीतलं प्रेम तसंही स्पष्ट कुणाला दिसलंय?

क्लबाबरोबर दोघं समुद्रावर जातात. तिथे जे व्हायचं ते होतं. आणि मग एक दिवस लाटांत जी-ह्यूनला अपघात होतो, तो मरता मरता वाचतो. हॉस्पिटल आणि खाटेवरचा तो मुलगा पाहून जे-वॉनच्या डोक्यात जुना खटला पुन्हा उभा राहतो : आपण ज्याला जीव लावतो त्याचा जीव जातो. म्हणून तो मागे सरतो. फोन नाही, भेट नाही. सोडून जाण्याची ही तीच जुनी कोरियन रीत, 'तुझ्या भल्यासाठीच'. फक्त या वेळी विमानाचं तिकीट काढलेलं नाही. तो त्याच शहरात, त्याच विद्यापीठात राहून परदेशी गेल्यासारखा वागतो. आपल्याकडे एका घरात राहूनही माणसं हे करतात, त्यामुळे आपल्याला ते समजायला सबटायटल्स लागत नाहीत.

इथे मालिका एक गोष्ट करते, जिच्यासाठी मी तिचे बाकीचे गुन्हे माफ केले. (गुन्हे आहेत. सगळ्या कटकटींचं खापर फोडायला ठेवलेली जे-वॉनची माजी प्रेयसी उन-जी फारच काळ्याकुट्ट रंगात रंगवली आहे. ती वाईट का आहे, तर ती वाईट आहे म्हणून.) एरवी अशा कथांत मनाच्या जखमेवर औषध एकच असतं : मिठी. नायकाला पावसात गाडी चालवता येत नाही, लहानपणीचं काहीतरी आठवतं, नायिका त्याला घट्ट धरते, आणि पुढच्या भागात तो भर पावसात एक्स्प्रेस वेवर. जे-वॉनला मिठीने बरं वाटत नाही. उलट प्रेमानेच जखम उघडी पडते, कारण गमवायला पुन्हा कुणीतरी असतं. तो मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे जातो. खुर्चीत बसतो. बोलतो, बोलायचं टाळतो, पुन्हा जातो. हे पडद्यावर अगदी रटाळ दिसायला हवं होतं. मला ते समुद्रावरच्या चुंबनापेक्षा जास्त धाडसी वाटलं. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटात आत्महत्येचं प्रमाण सगळ्यात जास्त असणाऱ्या देशातली ही मालिका आहे, आणि तिथेही समुपदेशकाच्या दाराची बेल वाजवताना माणूस आधी जिन्यात कुणी ओळखीचं नाही ना, हे बघतो.

आणि जी-ह्यून? गावाकडचा, बुजरा, म्हणून त्याने दारात उभं राहून रडावं अशी आपली अपेक्षा. तो रडत बसत नाही. माझं भलं कशात आहे हे तू एकट्याने कसं ठरवलंस, असा त्याचा एकूण पवित्रा. कोरियात वर्षा-दोन वर्षांनी मोठा असलेल्या मुलाला 'ह्यंग' म्हणजे दादा म्हणायचं, त्याच्यासमोर दारू पिताना मान वळवून प्यायची, असं सगळं अदबीचं जग. त्या जगात पहिल्या वर्षाच्या पोराने ह्यंगच्या निर्णयाला हरकत घ्यायची ही साधी गोष्ट नाही.

पण एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. या दोघांच्या वाटेत येतं कोण? धाकट्या भावाचा मृत्यू, स्वतःला दिलेली शिक्षा, वडिलांचा दरारा, एक अपघात. दोघं मुलगे आहेत, ही गोष्ट वाटेत येते ती जेमतेम; कॉलेजातली थोडी कुजबुज, एवढीच. जे-वॉन नुकताच लष्करातून आलाय. दक्षिण कोरियाच्या लष्करी फौजदारी कायद्यात कलम ९२-६ आहे. दोन पुरुष सैनिकांच्या संबंधांना, ते राजीखुशीचे असले तरी, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने छावणीबाहेरच्या, सुटीच्या वेळेतल्या संमतीच्या संबंधांना शिक्षा देऊ नये असं म्हटलं. पण घटना न्यायालयाने २०२३ मध्ये ते कलम चौथ्यांदा वैध ठरवलं. पायदळातली सक्तीची सेवा सध्या अठरा महिन्यांची. ते अठरा महिने या मुलाने कसे काढले असतील? मालिका तिथे जात नाही. तो आला, त्याचे केस वाढलेले आहेत, चला समुद्रावर.

म्हणजे भावाच्या मृत्यूला इथे समाजाचं काम करावं लागतं. ताटातूट तर हवी, पण ती समाजाने केली असं दाखवलं तर निर्माते अडचणीत. ही भीती हवेतली नाही. २०१० मध्ये 'लाइफ इज ब्यूटिफुल' या कौटुंबिक मालिकेत एक समलिंगी जोडपं दाखवलं, तर तिच्याविरुद्ध वर्तमानपत्रात जाहिरात आली : आमचा मुलगा ही मालिका बघून तसा झाला आणि एड्सने मेला तर वाहिनीने जबाबदारी घ्यावी. हाँग सॉक-चन या नटाने २००० साली आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं आणि त्याची टीव्हीवरची कामं गेली. तो खाणावळी चालवून उभा राहिला. २०२४ मध्ये पार्क सांग-यंग यांच्या कादंबरीवरची 'लव्ह इन द बिग सिटी' ही मालिका यायच्या आधीच सनातनी संघटनांनी इतका गोंधळ घातला, की तिचे ट्रेलर इंटरनेटवरून उतरवले गेले. मालिका मात्र आली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पुरुषाला त्याच्या जोडीदाराच्या सरकारी आरोग्यविम्यावर अवलंबित म्हणून नाव लावायचा हक्क दिला. लग्नाला मान्यता अजून नाही. प्रेम राहू दे, निदान दवाखान्याचं बिल भागू दे, इथवर गाडी आली आहे. आमच्याकडे २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७चा भाग गेला आणि २०२३ मध्ये लग्नाचा हक्क नाकारला गेला. तेव्हा आम्ही फार नाक वर करायला नको.

तर ही मालिका पळवाट काढते का? काढते. आणि तरी मला ती पळवाट आवडते, त्याचं कारण आपल्या घरचं आहे. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातली, मुलीवर प्रेम करणारी मित्रा १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आली. त्या काळात ते लिहायला छाती लागत होती. पण मित्राला शेवटी मरावंच लागतं. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये एका मराठी घरात पेइंग गेस्ट येतो, घरातला मुलगा आणि मुलगी दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, आणि तो काही न सांगता निघून जातो. ती कादंबरी वाचून झाल्यावर कितीतरी दिवस मी घरात भाडेकरू ठेवायच्या विरोधात होते. तिथे बहिणीला निदान रडता येतं, घर तिच्याभोवती गोळा होतं. भाऊ, तनय, त्याला आपलं दुःख कुणापुढे ठेवताही येत नाही, कारण काय गेलं हे सांगायचं म्हणजे आपण कोण हे सांगायचं. अशा गोष्टींत मुलाचं दुःख त्याच्या तसं असण्यातूनच उगवतं. दुसरं कुठलं दुःख करायला त्याला फुरसतच मिळत नाही.

जे-वॉनला ती मिळाली आहे. तो भावासाठी रडतो. मुलीवर प्रेम केलं असतं तरी असाच रडला असता, असाच पळाला असता आणि त्याच बाईंकडे त्याच खुर्चीत जाऊन बसला असता. चारचौघांच्या मुलांना असतात तशी साधी दुःखं या मुलांच्याही वाट्याला येऊ द्यावीत, म्हातारा बाप, गेलेला भाऊ, परीक्षेचं टेन्शन, महिनाअखेरची कडकी, हे मागणं फार मोठं नाही. पण पडद्यावर ते पुरं व्हायला फार वर्षं लागली. कलम ९२-६ वर मालिका कुणीतरी काढावीच, आणि ती 'दि एट्थ सेन्स'पेक्षा कडू असावी. तोवर मी हिच्या बाजूने आहे.

दहा भाग आहेत, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाचे. बघायचं ठरवलंत तर एक करा : समुद्रात अपघात होतो त्या भागाशी टीव्ही बंद करून झोपायला जाऊ नका. झोप लागणार नाही. पुढचा भाग लगेच लावा, आणि घरातलं कुणी काय बघतेस म्हणून विचारलं तर त्यालाही शेजारी बसवून घ्या.