बाकांच्या पाठीवरचे वाङ्मय

पुण्यातील सार्वजनिक उद्यानांच्या देखभालीविषयी अधिकारवाणीने बोलण्यास सकाळी फिरायला जाण्यापलीकडे कोणतीही पात्रता लागत नाही, आणि प्रस्तुत लेखकापाशी ती मुबलक असल्यामुळे त्याने आपल्या मतांना एव्हाना सिद्धान्ताचा दर्जा देऊन टाकला आहे. या सिद्धान्तास कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याने पालिकेच्या कामांचे दोन वर्ग पाडले आहेत: कलम ६३ मधील बंधनकारक कर्तव्ये, म्हणजे जी टाळता येत नाहीत ती, आणि कलम ६६ मधील स्वेच्छाधीन कर्तव्ये, म्हणजे पैसा व इच्छा यांचा योग जुळल्यास करावयाची ती. सार्वजनिक शौचालये पहिल्या वर्गात येतात व उद्याने दुसऱ्या. प्रत्यक्षात मात्र उद्यानाच्या फाटकाला झेंडूच्या माळा लागतात आणि शौचालयाच्या दाराला कुलूप.

या उलटापालटीचे कारण असे की, उद्घाटनाला तारीख, फीत आणि छायाचित्र असते. देखभालीला यांपैकी काहीच नसते. पेशवे उद्यानातील फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ साली धावू लागली, हे जाणकार पुणेकर न विचारता सांगतो. तिच्या रुळांमधले गवत कोण काढते असे विचारल्यास मात्र तोच जाणकार खोकू लागतो.

येथे बाकांविषयी थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. पालिकेच्या अंदाजपत्रकात ‘स’ यादी नावाचा एक भाग असतो, ज्यातून नगरसेवकाला आपल्या प्रभागातील किरकोळ कामे सुचवता येतात, आणि पदपथांवरील व बागांमधील बाकांचे एक विपुल वाङ्मय या यादीच्या आश्रयाने बहरले आहे. या वाङ्मयाचे एकनामी आणि बहुनामी असे दोन प्रकार करता येतात. एकनामी बाकाच्या पाठीवर एकाच व्यक्तीचे नाव असते. बहुनामी बाकावर एकाची ‘संकल्पना’, दुसऱ्याचे ‘प्रयत्न’ आणि तिसऱ्याचे ‘सहकार्य’ नोंदलेले असते, ज्यावरून टेकण्याची कल्पना मानवजातीला या प्रभागातच प्रथम सुचली असावी, असा अभ्यासकाचा समज होतो. बाक कोठे ठेवावा याचे शास्त्र मात्र अद्याप बाल्यावस्थेत आहे: कित्येक बाके विजेच्या डीपीकडे तोंड करून उभी असतात, तर काही कचऱ्याच्या डब्याला अशी खेटून असतात की, बसणाऱ्याने जेवण केव्हा केले यावर त्याची सहनशक्ती ठरते. नुकत्याच रंगवलेल्या बाकावर पांढऱ्या सदऱ्यानिशी टेकल्यास ते नाव उलट्या अक्षरांत पाठीवर घेऊन घरी जाता येते, आणि प्रचाराचे इतके किफायतशीर साधन निवडणूक खर्चाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, गेला तरी नावे बाकांवरच राहिली. बसायच्या दोन पट्ट्या निखळल्या, तिसरीचा खिळा वर आला, आणि पाठीवरचा ऑइलपेंट मात्र तुकतुकीत राहिला.

देखभाल मुळात अशक्य आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर पालिकेनेच उभारले असून, तेथील हिरवळीवर पाऊल पडताच रखवालदाराची शिट्टी वाजते. विनोदी लेखकाच्या नावाने असलेल्या बागेत शिट्टीचा एवढा धाक असावा, हे काहींना विसंगत वाटेल. तथापि देखभाल म्हणजे अखेर अशीच रोज, कंटाळा न करता वाजणारी शिट्टी होय. ती शौचालयाच्या कुलपाजवळ वाजत नाही, हे खरे दुखणे आहे. मंडईच्या वाटेवर दिवसभर भाजी विकणारी बाई घशाला कोरड पडली तरी पाणी पिण्याचे टाळते, कारण पुढचा प्रश्न सुटणार नाही हे तिला ठाऊक असते. कलम ६३ मधील ‘बंधनकारक’ या शब्दाचे बंधन शेवटी तिच्यावरच पडते, आणि येथे विनोदाला काही काम उरत नाही.

यावर प्रस्तुत लेखकाने एक उपाय योजला आहे: प्रत्येक उद्यानावर, बाकावर आणि विशेषतः शौचालयावर उद्घाटकाचे नाव न कोरता, शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि ती कोणत्या कामगाराने केली, एवढेच लिहिणारा फलक सक्तीचा करावा. या मागणीचा अर्ज आयुक्तांना कधीच गेला असता. परंतु त्या फलकाच्या तळाशी ‘संकल्पना’ म्हणून कोणाचे नाव असावे या एका मुद्द्यावर मसुदा अडला असून, अक्षरे लहान असली तरी चालतील, येथवर तडजोड करण्यास लेखक तयार आहे.