बुंदीचे पथ्यपाणी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आई व अण्णांस,
सा. न. वि. वि.

अण्णांना घरच्या पत्रातही तपशील आणि जमाखर्च लागतो, म्हणून हे पत्र फ्रीमाँट शाखेच्या अहवालासारखे, कोणाचीही बाजू न घेता लिहिले आहे. फोनवर त्यांनी विचारले होते, "पालीला कसला आलाय डॉक्टर?" असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर वेगळा असतो, त्याची वेळ आधी घ्यावी लागते आणि त्याच्या फीचा रुग्णाच्या वजनाशी काडीचाही संबंध नसतो. रुग्णाचे वजन भरले ३८ ग्रॅम.

रुग्णाचे नाव बुंदी. जात लेपर्ड गेको, अंग पिवळे, त्यावर काळे ठिपके. नातीच्या वर्गातले एक कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला निघाले आणि बुंदी काचपेटीसकट शाखेत रुजू झाली. आईंच्या समाधानासाठी एवढे सांगायला हवे की ती भिंतीवर चढत नाही. घरातल्या पालीच्या बोटांना चिकटून राहणाऱ्या गाद्या असतात, हिला नुसत्या नख्या. त्यामुळे ती अंगावर पडण्याचा आणि मग पंचांगात फळ बघण्याचा प्रश्नच येत नाही. तिला पापण्याही आहेत, त्यामुळे ती झोपताना रीतसर डोळे मिटते. मूळ गाव म्हणाल तर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत. तिचा एक भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही राहतो. लोक त्याला विषारी समजून मारतात, पण त्या बिचाऱ्याकडे विष औषधालाही नाही.

तर बुंदी जेवेना. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. तब्येत बघायची तर शेपटी बघायची, आणि बुंदीची शेपटी दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. सूनबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली (या घरात आता हा वाक्प्रचार जपून वापरावा लागतो). चिरंजीवांचे मत पडले की थंडीत गेको कमी खातात. ते खरे आहे, पण थंडीत धडधाकट गेकोची शेपटी अशी वाळत नाही.

डॉक्टरीणबाईंनी बुंदीला नंतर तपासले, आधी घरच्यांची उलटतपासणी घेतली. पेटीत तापमान किती? कुठे मोजता? खाली काय अंथरले आहे? रातकिड्यांना काय खायला घालता? शेवटचा प्रश्न ऐकून चिरंजीव गडबडले. रातकिडे हेच खाणे. त्यांच्याही जेवणाची चौकशी होईल असे कोणाला वाटेल!

पण सगळी मेख तिथेच होती. रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे. गेकोला हवे नेमके उलटे, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. ते खाण्यातून मिळाले नाही की शरीर हाडांतून उचल करू लागते. मग जबडा रबरासारखा लिबलिबीत होतो, पाय वाकतात, अंगाला थरथर सुटते. बुंदीचा जबडा किंचित मऊ लागला आणि एक्स-रेमध्ये हाडे फिकट दिसली. वेळेवर आणलीत, असे बाई म्हणाल्या.

तेव्हापासून रातकिड्यांना बुंदीच्या तोंडी देण्याआधी एक-दोन दिवस गाजर आणि हिरव्या पाल्याची मेजवानी असते. पालक मात्र वर्ज्य, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मग अनारशाला खसखस लावावी तसे त्यांना कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. ड जीवनसत्त्वाची पूड वेगळी आणि बेताने, कारण तिचा अतिरेकही बाधतो. शुद्ध शाकाहारी घरातल्या सूनबाई हे काम डोळे मिटून करतात. निवडलेली ताजी भाजी आधी कोणाला, यावरून मात्र घरात उघड नाराजी आहे.

दुसरे दुखणे उबेचे. गेकोचे शरीर स्वतः ऊब निर्माण करत नाही, ती जमिनीकडून घेते. पोटाखाली ३२ अंशांच्या आसपास ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही, आणि पचत नाही म्हणून ती खात नाही. पेटीच्या काचेला चिकटवलेला गोल तापमापक ३० दाखवत होता, पण तो मोजत होता हवा. जमिनीवर मोजल्यावर आकडा २४ निघाला. थंड कोपऱ्यासाठी तो ठीक, जेवून पहुडायच्या जागेसाठी नाही. आता खाली गरम चटई, तिला थर्मोस्टॅट आणि थर्मोस्टॅटला जमिनीवर टेकवलेली तार असा बंदोबस्त आहे. वीजबिल वाचवायला घरातली माणसे स्वेटर घालून वावरतात आणि बुंदी ३२ अंशांवर पाय पसरून पडते. अण्णांनी याची नोंद खर्चाच्या बाजूला करावी.

आधीच्या मालकांना दुकानदाराने वाळू दिली होती, वाळवंटातला प्राणी म्हणून. वास्तविक हे गेको बहुधा खडकाळ, टणक जमिनीवर राहतात. सुटी वाळू घासाबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. वाळू गेली, पेपर टॉवेल आला.

कात टाकण्याचा प्रकार आईंना आवडेल, कारण त्यात वाया काहीच जात नाही. गेको आपली कात स्वतःच खाऊन टाकतो. पण पेटी कोरडी असली की बोटांवर कातीची कडी अडकून राहतात, रक्त अडते आणि बोट झडते. कोरडी कात ओढायची नाही. कोमट पाण्यात पाय भिजवायचे आणि कापसाच्या काडीने हलकेच सोडवायची. पुन्हा तसे होऊ नये म्हणून ओलसर शेवाळ भरलेली बंद खोली लागते. दुकानात ती महाग मिळते. चिरंजीवांनी श्रीखंडाच्या डब्याला भोक पाडून ती फुकटात केली. या सर्व प्रकरणात त्यांचे एवढे एकच काम एका फटक्यात झाले.

खरी धास्ती होती ती क्रिप्टोस्पोरिडियमची. हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी. त्याने गेकोची शेपटी काडीसारखी होते, त्याला समूळ घालवणारे औषध नाही आणि नेहमीची जंतुनाशके त्याला दाद देत नाहीत. तपासणीसाठी ताजी विष्ठा हवी, आणि नेता येईपर्यंत ती थंड ठेवायची. सूनबाईंनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजला ठाम नकार दिला, तेव्हा गॅरेजमध्ये बर्फाची पेटी मांडली गेली. अहवाल चांगला आला. परजीवी दर वेळी विष्ठेत सापडतोच असे नाही, म्हणून तपासणी पुन्हा केली. तीही चांगली. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला.

नातीला आता जोडीला 'लेमन फ्रॉस्ट' जातीचा गेको हवा होता. दिसायला देखणा, लिंबासारखा पिवळा. पण त्या रंगाबरोबर गाठी येतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याचे मूळ स्पिंट १ या जनुकाजवळ शोधले. त्वचेच्या ज्या पेशी तो पांढरा-पिवळा झळाळ देतात, त्याच बेसुमार वाढतात. 'एनिग्मा' नावाच्या दुसऱ्या नक्षीदार जातीत डोके कलते आणि प्राणी गोल गोल फिरत राहतो. माणसाच्या हौसेपायी जन्माला घातलेली ही दुखणी आहेत, आणि ती विकत आणायची नाहीत असे घरात ठरले आहे. नात दोन दिवस रुसली.

आईंचे सोवळे परवडले, असे सध्याचे नियम आहेत. सरपटणारे प्राणी ठणठणीत दिसत असले तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. मुले कासवे तोंडात घालत म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली. तेव्हा बुंदीला हात लावला की साबण. तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणायची नाहीत.

बुंदीचे वजन आता ५१ ग्रॅम, शेपटी गुबगुबीत. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको १५ ते २० वर्षे जगतो. नात चौथीत आहे. ती कॉलेजला गेल्यावर रातकिड्यांना गाजर कोण किसणार, यावर शाखेत अजून एकमत झालेले नाही.

आईंच्या गुडघ्यांना आराम असावा. कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.

कळावे, लोभ असावा,
आपली फ्रीमाँट शाखा

ता. क. मे महिन्यात येताना मेतकूट आणि भाजणी आणावी. शिवाय श्रीखंडाचे अर्धा किलोचे दोन रिकामे डबे, झाकणांसह.