चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरची शास्त्रोक्त चिकित्सा

घरचा कॉम्प्युटर सुरू होत नसेल, तर सर्वप्रथम खोली रिकामी करावी. 'व्हायरस असेल' असं म्हणणाऱ्याला आधी बाहेर काढावं. ज्या खोक्यात मुळात वीजच पोचलेली नाही, तिथे बिचारा व्हायरस काय करणार? पण हे निदान आपल्याकडे तापावर आणि कॉम्प्युटरवर सारख्याच सढळ हाताने केलं जातं. त्यामागोमाग 'मी तेव्हाच सांगत होतो, लॅपटॉप घ्या' म्हणणाऱ्यांना वाट दाखवावी. आयटीतल्या भाच्याला फोन लावू नये. तो हिंजवडीत बसून परदेशातले सर्व्हर सांभाळतो. कॅबिनेटचं झाकण कुठल्या बाजूने निघतं, हा त्याच्या खात्याचा विषय नाही.

खोली शांत झाली की भिंतीवरचं बटण बघावं. हसू नका. त्यानंतर यूपीएस बघावा आणि मग कॅबिनेटच्या पाठीमागचं काळं बटण, ज्याच्या एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला उभी रेघ असते. दिवाळीच्या साफसफाईत फडकं फिरतं आणि हे बटण शून्याकडे कलतं. दुरुस्तीवाला येतो, ते दाबतो, चहा पितो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. त्याच्या व्यवसायातला हा सर्वांत फायदेशीर आजार आहे. जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, शेजारीच ११५ आणि २३० असं लिहिलेलं एक लाल बटणही असतं. ते काय आहे हे पाहण्यासाठी सरकवू नये. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. ११५ वर सरकवल्यास ज्ञान तत्काळ आणि आवाजासकट प्राप्त होतं.

वीज येते, पंखा फिरतो, पण पडदा काळाच? आता कान द्या. कॉम्प्युटर उठताना आधी स्वतःची तपासणी करतो आणि बिनसलं असेल तर शिट्ट्या देतो. अनेक जुन्या मदरबोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. थांबून थांबून येणाऱ्या लांब शिट्ट्या बहुधा रॅमच्या. कंपनीगणिक ही भाषा बदलते, त्यामुळे मदरबोर्डाचं पुस्तक लागतं, आणि ते पुस्तक घरोघरी रद्दीत गेलेलं असतं. हल्लीच्या कित्येक बोर्डांना शिट्टी वाजवणारा स्पीकरच नसतो. ते मुकाट्याने सोसतात.

रॅमवरचा उपचार मात्र शालेय आहे. सगळ्या वायरी काढाव्यात, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं म्हणजे आत साठलेली वीज उतरते. झाकण उघडावं. झुरळ दिसल्यास ओरडू नये, त्याचा तिथला मुक्काम तुमच्या वॉरंटीपेक्षा जास्त आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, रॅमची पट्टी दोन्ही खिट्ट्या उघडून काढावी आणि तिच्या सोनेरी कडेवरून पेन्सिलीचं खोडरबर हलकेच फिरवावं. चुरा झटकून, खाच जुळवून पट्टी परत दाबावी. 'टक' असा आवाज यायला हवा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे शिकवत नाहीत ते हेच. एसएमपीएस मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात झटका द्यायला पुरेशी वीज शिल्लक असते.

घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं असेल, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. सीआर २०३२, तीन व्होल्ट, घड्याळजीच्या टपरीतही मिळतो. तोवर बँकेची साइट सुरक्षेचं कारण सांगून दारातूनच परत पाठवते, कारण तुमच्या तारखेला तिचं प्रमाणपत्र जन्मालाही आलेलं नसतं.

काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस' नाही अशी इंग्रजी ओळ आली, तर आधी शेजाऱ्याने दिलेला पेन ड्राइव्ह काढावा. विंडोजचं नाव दिसून पुढे गोल-गोल फिरत राहिलं, तर घरातले ज्येष्ठ एफ-८ बडवू लागतात. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, ते बटण आपणहून काही करत नाही, पण श्रद्धेच्या आड येऊ नये. उपाय असा: सुरू होता होता पॉवरचं बटण दाबून बंद पाडावं, असं दोन-तीनदा केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं आणि तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. आणखी एक गंमत. 'बंद करून परत चालू कर' हा जागतिक सल्लाही विंडोज ८ पासून अर्धाच खरा आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावर विंडोज पुरतं झोपत नाही. पुरतं झोपवून उठवायचं तर रीस्टार्टच करावं लागतं.

एकटं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे लोक एकेका यंत्रापाशी जाऊन सेफ मोडमध्ये एक फाइल पुसत बसले. म्हणजे तुम्ही आता जे करताय तेच.

एकाच आजारावर घरगुती इलाज नाही. हार्ड डिस्कमधून कट-कट असा आवाज येत असेल, तर 'एकदा परत लावून बघू' हे वाक्य उच्चारू नका. प्रत्येक वेळी चालू करताना उरलेसुरले फोटोही जातात. यंत्र बंद ठेवा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. तो रक्कम सांगेल तेव्हा शक्यतो खुर्चीत बसलेले असा.