धनजकरांसाठी फ्रेजल व्हर्ब : अभ्यास, वापर व पथ्ये

इंग्रजीतील एखाद्या साध्यासुध्या क्रियापदामागे ‘अप’, ‘डाऊन’, ‘ऑफ’, ‘आऊट’ यांसारखे अव्यय लागले, की मूळ अर्थाशी बहुधा सोयरसुतक न ठेवणारे जे नवे क्रियापद सिद्ध होते, त्यास फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेली ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथातून पुढे आणली. परंतु दुखणे त्याहून जुने असून, परभाषकांना सर्वाधिक त्रास याच जोडकामाचा होतो, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. हे कळूनही इंग्रजांनी आपला क्रम सोडला नाही, याची अभ्यासकाने नोंद घ्यावी.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज येथे या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे मान्य करावे, की ही मंडळी गावात केव्हाच वस्तीला आली आहेत. मात्र येताना आपले क्रियापदपण वेशीबाहेर ठेवून ती नामे बनली आहेत. मोटारसायकल ‘पिकअप’ घेत नाही, सोयाबीन बाजार समितीत नेणारी गाडी तर स्वतःच ‘पिकअप’ असते, रस्त्यालगतच्या वावराचे ‘लेआऊट’ पडते, डीपीवर काम निघाले की ‘शटडाऊन’ घेतला जातो, आणि ज्याच्याकडे उधारी अडकली आहे त्याचा मोबाइल हटकून ‘स्विच ऑफ’ येतो. उच्चाराचा नियम येथेच शिकून घ्यावा : नाम असताना आघात सहसा पहिल्या शब्दावर येतो, तर क्रियापद असताना तो मागच्या अव्ययावर सरकतो.

‘गो ऑफ’चा सराव पहाटे करावा. गजर वाजला तर तो ‘गोज ऑफ’, त्याच क्षणी लाईन गेली (विदर्भात वीज जात नाही, लाईन जाते) तर दिवाही ‘गोज ऑफ’, आणि दुपारपर्यंत ती न आल्याने फ्रिजमधले दूध नासले तर तेही ‘गोज ऑफ’. म्हणजे एक सुरू झाले, दुसरे बंद पडले, तिसरे बिघडले, तरी क्रियापद जागचे हलले नाही. येथे तर्क लढवणाऱ्याचे दूध नासतेच, वर दिवसही जातो.

संतापण्यापूर्वी घरची भाषा तपासावी, हे बरे. ‘तो दोन एकर विकून बसला’ हे वाक्य परक्याने शब्दशः घेतल्यास, व्यवहार उरकून गडी खुर्चीवर विसावला, असे त्यास वाटेल, आणि ‘बसणे’ या क्रियापदात भरलेला सगळा पश्चात्ताप त्याच्या हातून निसटेल. ‘सांगून टाक’ म्हटल्यावर काय टाकायचे, हेही तो विचारील. धातुसाधितास सहायक क्रियापद जोडून एकच क्रिया दाखवणाऱ्या या रचनेस मराठी व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणतात, आणि ती धनजचे शाळेत न गेलेले पोरही अचूक वापरते.

सर्वनामाच्या बाबतीत पथ्य कडक आहे. विहिरीवरची मोटर बंद करताना ‘टर्न ऑफ द मोटर’ व ‘टर्न द मोटर ऑफ’ हे दोन्ही चालते, परंतु मोटरच्या जागी ‘इट’ आले की त्यास मध्येच बसवावे लागते. ‘टर्न ऑफ इट’ म्हणणाऱ्याची मोटर बंद होईल, गुण मात्र मिळणार नाहीत. उलट ‘लुक आफ्टर’सारख्या जोडीत मध्ये कोणासही शिरकाव नाही.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी ‘पुट ऑफ’ टाळून ‘पोस्टपोन’ म्हणण्याची राजरोस पळवाट आहे. कचेरीच्या अर्जात ती शोभते. गप्पांत मात्र बोलणारा स्वतःच अर्जासारखा वाटू लागतो. आणि अर्ज भरण्यास इंग्रजीत ‘फिल इन’ म्हणावे की ‘फिल आऊट’, अशी शंका आल्यास वाचकांनी निर्धास्त असावे : एकात ‘आत’ आणि दुसऱ्यात ‘बाहेर’ असले तरी दोन्ही बरोबर आहेत.