शनिवारी जिंकणारे अप्पा

अप्पा रविवारी हरतात. शनिवारी मात्र त्यांना हरवणारा अजून जन्माला यायचाय. शनिवारी संध्याकाळी परळच्या त्यांच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सरते, 'कोल' उघडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीला व्हायच्या सगळ्या शर्यती काकूंचा कुकर उतरायच्या आत धावून संपतात. अप्पांचे घोडे आरामात, मागे वळून बघत जिंकतात. मग काकू पानं घेतात.

कोल म्हणजे रेसला जाणाऱ्याच्या काखेत असतं ते चोपडं. त्यात घोड्याची आई, बाप, आईचा बाप, मागच्या शर्यती, पाठीवरचं वजन, जॉकी, ड्रॉ म्हणजे सुरुवातीच्या गेटमधली जागा, पायातली नाल पोलादी की अॅल्युमिनियमची, सगळं बारीक टायपात असतं. अप्पांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर ते काकूंकडे बघतात. पण सहा नंबरच्या घोडीच्या आजीने पुण्याच्या पावसाळी सीझनमध्ये १४०० मीटरला चिखलात काय दिवे लावले होते, हे त्यांना कोल न उघडता सांगता येतं.

नोकरी रेल्वेत, वेळापत्रक विभागात. कोणती गाडी कोणत्या मिनिटाला कुठे असेल हे आधी लिहून ठेवण्यात आयुष्य गेलं. त्या मिनिटाला गाडी तिथे नसली तर तो गाडीचा दोष, वेळापत्रकाचा नव्हे. ही दृष्टी घेऊनच ते निवृत्त झाले आणि पूर्णवेळ घोड्यांकडे वळले.

अप्पांचं भाकीत ऐकायला मी मुद्दाम शनिवारी वर जातो. पहिली शर्यत बहुधा खालच्या वर्गाची. "इथे कोणी जिंकत नसतं. बाकीचे जास्त हरतात, एवढंच," म्हणत ते लाल पेन्सिल उचलतात. लाल रेघ मारली की घोडा बाद. मग वजनांचा हिशेब सुरू होतो. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, रड्याच्या पाठीवर कमी. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो. हे ठरवणारा हँडिकॅपर म्हणून एक अधिकारी असतो आणि सगळे घोडे एकाच क्षणी खांबापाशी पोचावेत, हे त्याचं स्वप्न. त्याचं काम चोख झालं तर अप्पांचं काम संपलंच. तेव्हा अप्पांची सारी विद्या त्या एका माणसाच्या चुकांवर उभी आहे. ते त्याच्याबद्दल आदराने बोलतात, पण तो आजारी पडल्याचं कळलं तर फुलं पाठवणार नाहीत.

वजनानंतर पहाटेचा ट्रॅक. तांबडं फुटताना घोडे सराव करतात आणि घड्याळवाले वेळा टिपतात : ८०० ला ५३ सेकंद, ६०० ला ३९, शेजारी एक शेरा. अप्पा आकडा वाचतात आणि शेऱ्याचा अर्थ लावतात. 'सहज' लिहिलं असेल तर ट्रेनर घोडा लपवतोय. 'दामटला' लिहिलं असेल तर ट्रेनरला घाई आहे, म्हणजे घोडा चालणार. आणि ज्याची वेळ छापलीच नाही? "त्याच्यापासून सावध. तो अंधारात पळालाय." या पद्धतीने कोणताही घोडा जिंकू शकतो हे माझ्या लक्षात आलंय, पण मी बोलत नाही. तिथे चहा मिळतो.

शेवटी निकाल. "सात जिंकणार. लिहून घे. तीनला सोडू नकोस. पुढचे दोघं सुरुवातीला एकमेकांशी भांडून दमले तर पाच मागून येईल. दोनचा ड्रॉ वाईट आहे, पण दोनचा जॉकी वाईट नाही. आणि नऊ." नऊबद्दल ते काही सांगत नाहीत, फक्त नऊ म्हणून थांबतात. दहा घोड्यांची शर्यत, पाच नावं झाली. उरलेल्यांतला एखादा 'शर्यत खराब करेल' असंही ते मोघम सांगून ठेवतात. रविवारी तोच पहिला आला की माझ्या दंडाला धरून, "म्हणालो नव्हतो, खराब करेल म्हणून?"

या सगळ्याला कोणी जुगार म्हटलेलं अप्पांना खपत नाही. इमारतीतल्या सत्यनारायणाला कोणीतरी सहज, "काय अप्पा, जुगार कसा चाललाय?" असं विचारलं, तर त्यांनी तीर्थ हातात तसंच ठेवून त्या गृहस्थाला सुप्रीम कोर्ट ऐकवलं. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या एका खटल्यात निकाल दिलाय की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. या निकालाचं कात्रण अप्पांच्या पाकिटात रेल्वेच्या पासामागे असतं. पासाची मुदत संपली, कात्रणाची नाही. "कौशल्य! कोर्टाने शब्द वापरलाय," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा होतो, की तो निकाल त्यांचा अभ्यास बघूनच दिला असावा.

काकूंनी या वादात कधी भाग घेतला नाही. त्यांचा विषय फक्त वही. महिन्याचा खर्च त्या बाराखडीच्या क्रमाने लिहितात : इस्त्री, औषधं, गॅस, घरपट्टी, घोडे, दूध. घोड्यांना महिन्याची ठरलेली रक्कम. ती संपली की महिना संपला, मग तारीख बारा का असेना. घोड्यांची रक्कम वाढवून मागायला अप्पांनी एकदा महागाई भत्त्याची सबब सांगितली, तेव्हा काकू म्हणाल्या, "घोडे कुठे महागलेत? हरतात तर तेवढेच."

आणि महागाई खरीच आहे. तिकिटावरचा जीएसटी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. "पूर्वी पहिला कोण येईल हे ठरवायला लागायचं," अप्पा म्हणतात, "आता पहिलं सरकार येतं. आपण दुसऱ्या नंबरासाठी खेळायचं."

जुन्या गोष्टी निघाल्या की ते थांबत नाहीत. पेसी श्रॉफने जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी मारल्या, नंतर ट्रेनर होऊन पुन्हा मारल्या. जॉकी पांडू खाडे हे नाव घेताना ते कोल मिटतात. आपल्यातला माणूस त्या हिरवळीवर एवढ्या मानाने वावरला याचं त्यांना अजून अप्रूप आहे. आणि स्क्वाँडरर. सत्तरच्या दशकातला हा घोडा १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला. अप्पा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. त्यांनी त्या घोड्यावर आयुष्यात एकदाच पैसे लावले. पुढचं सांगायची गरज नाही. त्या शर्यतीत घोड्याचं काय चुकलं, याची सात कारणं त्यांच्याकडे आहेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी असते. १९४३ पासून चालत आलेली, २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची. तिच्या आदल्या शनिवारी अप्पा सकाळीच आंघोळ उरकून बसतात. डर्बीत हँडिकॅप नाही. घोड्यांना सारखं वजन, घोड्यांच्या मानाने घोडींना थोडी सूट, बस्स. म्हणजे हँडिकॅपर रजेवर आणि मैदान अप्पांना मोकळं. त्यात डिसेंबरातली गिनीज १६०० मीटरची, डर्बी २४०० ची. बहुतेक घोडे एवढं अंतर पहिल्यांदाच धावणार. त्या वरच्या ८०० मीटरांत कोण टिकेल आणि कोण विझेल हे घोड्यालाही ठाऊक नसतं. ते ८०० मीटर म्हणजे अप्पांचं राज्य. तिथे पुरावा नाही, फक्त घराणं आहे.

या वर्षीच्या डर्बीवर त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर सहा पानं लिहिली. तात्पर्य : सात नंबर. आईकडून दम, बापाकडून चाल, गिनीजला शेवटच्या दोनशे मीटरला आत कोंडला होता, जॉकीने बाहेर काढेस्तोवर खांब आला. "मोकळा सुटला असता तर तेव्हाच संपलं होतं." आठ नंबरवर त्यांनी लाल रेघ मारली, मग परत एक मारली. "बाप बाराशेचा. आई चौदाशेची. आणि हे पोरगं चोवीसशे धावणार? परळहून निघून चिंचपोकळीला दम लागणारं खानदान हे."

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. महालक्ष्मी स्टेशनाबाहेर पडलो की लगेच रेसकोर्स, पण अप्पा त्या चार पावलांत दहा माणसांना भेटतात. कोणी कोणाची प्रकृती विचारत नाही. "पाचवीत काय?" "तीन." "वेडा आहेस." आणि दोघं पुढे. डर्बीच्या दिवशी तिथे आणखी एक जमात येते. टोप्या, फुलं, गॉगल, कॅमेरे. घोडे धावत असताना ही मंडळी घोड्यांकडे पाठ करून फोटो काढतात. अप्पांनी एका टोपीवाल्या बाईंना अत्यंत सभ्यपणे, "बाई, जरा मान खाली करता का, बाराशेचा खांब दिसत नाही," असं सांगितलं. बाईंना वाटलं, हे फोटोग्राफर आहेत. त्यांनी मान खाली करून स्मित केलं.

पहिल्या चार शर्यतींत काय झालं ते पटकन सांगतो : म्हणाले नव्हते ते घोडे आले आणि ते आलेच कसे हे अप्पांनी समजावून सांगितलं. दोनदा जॉकीने घोडा खेचला, एकदा गेट उशिरा उघडलं, आणि एकदा अप्पांचाच घोडा खरा जिंकला होता, फक्त तिसरा आला.

डर्बीपूर्वी ते पॅडॉकला जाऊन कठड्याला पोट लावून उभे राहिले. सात नंबर समोरून गेला. कातडी आरशासारखी, कान उभे, कुठे घामाचा टिपूस नाही. अप्पा काही बोलले नाहीत. मुलीला बघायला आलेलं स्थळ आवडलं, पण वडीलधाऱ्यांसमोर दाखवायचं नाही, तसा चेहरा. आठ नंबर मात्र घामाने भिजलेला, तोंडाला फेस, सईसाला ओढत चाललेला. "बघ," अप्पा म्हणाले, "अर्धी डर्बी इथेच धावला."

बुकींच्या रिंगमध्ये सातचा भाव पडत चालला होता, तेव्हा अप्पा टोटच्या तिकीटखिडकीशी पळाले. रांग, रेटारेटी, मागून घोषणा, पुढून टोप्या. घोडे गेटमध्ये शिरत होते. त्यांनी हात आत घालून "विन, सात, दोनशे!" असं ओरडून तिकीट घेतलं, न बघता छातीच्या खिशात टाकलं आणि कठड्याशी आले.

शर्यतीचं वर्णन मी करत नाही. त्यांचं लक्ष शर्यतीवर होतं, माझं त्यांच्यावर. पहिला मैल त्यांनी श्वास घेतला की नाही मला शंका आहे. शेवटच्या वळणावर सात बाहेरून सुटला, हिरवळ मोकळी, आणि अप्पांचा आवाज असा फुटला की टोपीवाल्या बाईंनी पहिल्यांदाच घोड्यांकडे पाहिलं. शेवटच्या शंभर मीटरला आतल्या कठड्याला चिकटून एक घामट तांबडा घोडा पुढे सरकू लागला. सरकतच राहिला. दोघं एकत्र खांबापाशी. फोटो.

फोटो येईपर्यंत अप्पांनी फोटो कसा काढतात, प्रकाश कुठून पडतो, लांब मानेच्या घोड्यावर कसा अन्याय होतो हे सांगितलं. मग फलकावर आठ चढला. शॉर्ट हेडने. वजन तपासलं, कोणाची हरकत नाही, ऑल क्लिअर.

अप्पांनी खिशातून तिकीट काढलं. हरलेलं तिकीट ते चुरगळत नाहीत. नीट दुमडून चार तुकडे करतात. दुमडताना थांबले. चष्मा वर केला, खाली केला, तिकीट माझ्याकडे दिलं. त्यावर आठ होता. त्या गोंगाटात खिडकीतल्या माणसाला सातचा आठ ऐकू आला होता.

आठने दहाला चौसष्ट दिले. दोनशेचे बाराशे ऐंशी झाले. मी मिठी मारायला पुढे झालो, तर माणूस पांढराफटक. "अरे, हे कौशल्य नव्हे," ते म्हणाले. "मी यावर दोन रेघा मारल्यात." परतीच्या वाटेवर त्यांनी पाकिटातलं कात्रण काढलं, वाचलं आणि परत ठेवलं. एवढी वर्षं कोर्ट त्यांच्या बाजूने होतं. आज पहिल्यांदा ते जुगार खेळले होते, आणि वर जिंकले होते.

घरी काकूंनी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि वही काढली. वहीत मिळकतीचा रकानाच नव्हता. "घोड्यांच्या पुढे वजा करून लिहू का?"

"घोड्यांत नाही," अप्पा म्हणाले. "घोडे वेगळे. घोड्यांत माझा अभ्यास आहे. हे जुगारात लिही."

काकूंनी पट्टी लावून 'घोडे' आणि 'दूध' यांच्या मधे नवी ओळ आखली आणि तिच्यात 'जुगार, जमा १२८०' लिहिलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "म्हणजे या घरात घोडे कायम तोट्यात आणि जुगार फायद्यात. मग तुम्ही सरळ जुगारच का खेळत नाही?"

अप्पांनी ऐकलं नाही. सात नंबरची पुढची शर्यत कधी आहे, हे ते शोधत होते.