लोकेशन काढा, पण नाव तरी खरं लिहा

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या सानगडीत माणूस शोधायला मोबाइल टॉवर लागत नाही. चहाच्या टपरीवर विचारा. अमका पहाटे बांधीवर गेला, तिथून साकोलीच्या बँकेत, आणि उधारीवाला दिसला म्हणून किल्ल्यामागच्या वाटेनं घरी आला, एवढा तपशील अर्ध्या चहात मिळतो. ‘कोठी चाल्ला गा?’ हे आमचं जीपीएस. टॉवर त्यापुढे अडाणीच. तो काही किलोमीटरचा टापू दाखवतो. त्यात माणूस, म्हैस, तळं सगळंच आलं.

फरक इतकाच की, टपरीवर कोण चुगली करतो ते आम्हाला ठाऊक असतं आणि त्याच्याशी भांडता येतं. पोलिसांनी लोकेशन काढलं, तर ज्याचा मोबाइल त्याला कुणी कळवत नाही. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागवायला पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते म्हणे. तरीही 2018 साली ठाणे पोलिसांना सीडीआर विकणारे खासगी गुप्तहेर पकडावे लागले. माल बाजारात आला, तो कुठल्या तरी कोठारातूनच ना!

आणि कागदावर नाव खरं असेलच, असंही नाही. आमच्या साकोलीच्या नाना पटोलेंचंच घ्या. 2016-17 मध्ये, भंडारा-गोंदियाचे खासदार असताना, ‘अमजद खान’ या नावानं आपला फोन टॅप झाला, असा आरोप त्यांनी जुलै 2021 मध्ये विधानसभेत केला. कारण काय, तर अमली पदार्थांचा धंदा! सिनेमातले मूळ अमजद खान 1992 सालीच वारले, त्यामुळे त्यांची तक्रार आली नाही. या टॅपिंगबद्दल पुण्यात 2022 साली गुन्हा नोंदला गेला, 2023 साली उच्च न्यायालयात तो रद्दही झाला. खासदाराचं हे, तर धान विकायला निघालेल्या शेतकऱ्याला कागदावर कोण करतील?

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. तरी जामीन हवा तर गुगल मॅपवर पिन टाका, अशी अट दिल्लीत एका आरोपीला घातली गेलीच. सर्वोच्च न्यायालयानं गुगललाच विचारलं. पिननं क्षणाक्षणाचा माग लागत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे हक्कही गेला आणि आरोपीही दिसेना! न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांनी 8 जुलै 2024 रोजी ती अट काढून टाकली.

चोर पकडायला लोकेशन जरूर काढा, साहेब. हरवलेलं पोर त्यानंच सापडतं. मात्र तपास संपल्यावर ज्याचं काढलं त्याला लेखी कळवा, आणि फायलीत निदान त्याचंच नाव लिहा.